उकिडव्या रांगेतल्या उभ्या सासूबाई

ती. वन्संच्या सेवेशी,

तुमची धाकटी भावजय मासायो हिचा कमरेत वाकून नमस्कार. इकडे नदीकाठच्या प्लमला जेमतेम कळ्या धरल्यात. तुमच्या कुमामोतोला एव्हाना फुलं गळायलाही लागली असतील (तुमच्याकडे सगळं आमच्या आधीच होतं, यात माझी काही तक्रार नाही). तुमची तब्येत बरी असेल, भाऊजींचं कोलेस्टेरॉल त्यांच्या हद्दीत असेल आणि तुमच्या नव्या सूनबाई लवकर उठायला लागल्या असतील, अशी आशा करते. आमच्याकडे सगळे ठीक. हे निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचतात, एवढा एक त्रास सोडला तर सुखात आहोत. तुम्ही नववर्षाआधी पाठवलेली संत्र्यांची पेटी पोचली, ते कळवायचं राहिलंच. फार गोड होती. त्यातल्या एका संत्र्याबद्दल पुढे लिहायचं आहे. ते लिहिताना अक्षर बिघडेल, तर हसू नका.

वन्सं, तुम्ही लिहिलंत की मार्चमध्ये आईंना तुमच्याकडे न्यायचं, तिथल्या हाडांच्या डॉक्टरांना गुडघे दाखवायचे, वाटलं तर शस्त्रक्रिया करून घ्यायची आणि उन्हाळाभर ठेवून घ्यायचं. पत्र वाचून मी तुमच्या दिशेला तोंड करून हात जोडले. न्या. खुशाल न्या. उद्या नेलंत तरी मी त्यांची बॅग आज भरून ठेवते. सून म्हणून असं लिहिणं शोभत नाही, हे मला कळतं. पण तुम्ही त्यांची लेक आहात आणि मनानं सरळ आहात, म्हणून खरं कारण सांगते. आईंनी माझं आयुष्य उद्ध्वस्त केलं आहे. तेही घरात नाही. घरात त्यांचा काही त्रास नाही, फार तर माझ्या सूपला नाक मुरडतात. माझं आयुष्य उद्ध्वस्त झालं ते थिएटरच्या मागच्या दारापाशी.

माझं नाटकाचं वेड तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही त्याला मागे एकदा ‘या वयात?’ असं म्हणाला होतात, तेही माझ्या लक्षात आहे. आमच्या थिएटरात सगळ्या भूमिका बायकाच करतात. त्यातल्या पुरुष-भूमिका करणाऱ्या शिओमी हायाते, म्हणजे आमच्या शिओ-सान, यांच्या चाहत्यांच्या मंडळात मी अकरा वर्षं आहे. आता बाहेरच्या माणसाला वाटतं, चाहत्या म्हणजे किंचाळणाऱ्या, अंगावर धावणाऱ्या, फोन पुढे करून फोटो मागणाऱ्या बायका. छे! आमच्या दाराशी तसं कुणी केलं तर तिला या जन्मी मंडळाचा मफलर मिळायचा नाही. आमची शिस्त अशी की सकाळी शिओ-सान यायच्या आधी तासभर आम्ही जांभळे मफलर गुंडाळून फुटपाथच्या कडेनं ओळींनी उभं राहायचं. जुन्या पुढे, नव्या मागे. बडबड नाही, खाणं नाही, नाक शिंकरायचं तर कोपऱ्यावर जाऊन. शिओ-सान वळणावर दिसल्या की पुढच्या ओळीनं एकदम उकिडवं बसायचं, तिच्या मागोमाग सगळ्यांनी, म्हणजे कुणामुळे कुणाचं दर्शन अडत नाही. मग आमच्या प्रमुख कुरामोची बाई भुवई उचलतात, आम्ही एका सुरात ‘जाऊन या!’ म्हणतो, शिओ-सान मान लववून ‘येते जाऊन’ म्हणतात, की दार बंद. झालं. एवढ्यासाठी मी अकरा वर्षं थंडीवाऱ्यात पहाटे उठते आहे. त्या ‘येते जाऊन’मध्ये आम्हा चाळीस जणींचा वाटा, आणि माझा त्यातला चाळिसावा. पण तो माझा होता, वन्सं. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा, यांचा पेपरसुद्धा सहन व्हायचा.

कुणी विचारेल, मग तुला त्यांच्याशी बोलावंसं वाटलं नाही का? वाटलं ना. स्वयंपाक करताना मी त्यांच्याशी रोज बोलते. पण दाराशी नाही. कारण त्या कामावर निघालेल्या असतात, आवाज जपलेला असतो, आणि एकीशी बोलल्या तर उरलेल्या एकोणचाळीस जणींनी काय करायचं? म्हणून आपण काही मागायचं नाही, आपल्याला काही हवं आहे असं तोंडावरही दिसू द्यायचं नाही. हे तोंड करायला मला दोन वर्षं लागली. कुरामोची बाईंनी एकदा नव्या मुलींना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं, इवाशिता बाईंचा चेहरा बघा, काहीच दिसत नाही. त्या दिवशी घरी येऊन मी यांना गोड भात करून घातला.

आता आई. सासरे गेल्यावर शरदात आई आमच्याकडे राहायला आल्या, ते तुम्हीच त्यांना गाडीत बसवून दिलंत. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी थोडं चालवा, नाहीतर गुडघे धरतील. हे म्हणाले, तू नाही तरी सकाळी जातेसच, घेऊन जा. (यांची प्रत्येक युक्ती अशीच असते, दुसऱ्याच्या पायांनी चालणारी.) मी आईंना घरून निघताना सगळे नियम सांगितले. त्यांनी ‘हो हो’ म्हटलं. तुम्हाला त्यांचं ‘हो हो’ माहीतच आहे. कुरामोची बाईंनी म्हातारं माणूस बघून ओळीच्या टोकाला, भिंतीच्या आधारानं जागा दिली, एक जादाचा मफलरही दिला. मला भरून आलं. वाटलं, सासू-सुना एका रंगात, काय देखणं दिसत असेल!

शिओ-सान वळणावर आल्या. ओळ खाली बसली. आणि आई उभ्याच.

बसा म्हणून मी त्यांचा कोट ओढला. त्यांनी कोट सोडवून घेतला. चाळीस जांभळी डोकी खाली आणि टोकाला एक पांढरं डोकं वर. शिओ-सानच काय, रस्त्यापलीकडच्या बसमधल्या लोकांनाही त्याच दिसत होत्या. कुरामोची बाईंची भुवई वर जायची ती अर्ध्यातच अडकली. आणि त्या शांततेत आपल्या आई, पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, “अगं, जेवलीस का काही?”

वन्सं, मी जमीन दुभंगायची वाट बघितली. ती काही दुभंगली नाही. शिओ-सान थांबल्या. अकरा वर्षांत फुटपाथवर त्या कधी थांबल्या नव्हत्या. त्यांनी वळून बघितलं आणि म्हणाल्या, “अजून नाही, आजी.” झालं! आईंनी कोटाच्या खिशातून तुमचं संत्रं काढलं आणि त्यांच्या हातात कोंबलं. हातात हात लावून. वर म्हणाल्या, “माझ्या लेकीच्या बागेतलं आहे. काठीसारखी झालीयस, खा.” तिथे खायचं काही द्यायचं नाही, हा नियम मंडळाच्या जन्मापासूनचा आहे. शिओ-साननी ते संत्रं घेतलं, दोन्ही हातांनी घेतलं, खिशात ठेवलं आणि विचारलं, “आजी, उभ्या का? गुडघे दुखतात का तुमचे?”

आईंनी गुडघ्यांचा इतिहास सुरू केला. भातलावणीपासून. मी खाली बसल्या जागी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर शिओ-सानचे बूट होते. अकरा वर्षांत मला त्या बुटांची शिलाई पाठ झाली आहे, आणि या बाईंना पहिल्या दिवशी चेहरा!

घरी येताना मी आईंच्या दोन पावलं पुढे चालले. आई मात्र खुशीत होत्या. म्हणाल्या, “पोरगी गुणी आहे गं. इतकं ऐटीत चालणारं पुरुषमाणूस मी आपल्या घराण्यात नाही पाहिलं.” मग थोडं चालून, “आणि तुम्ही सगळ्या अशा कोंबड्यांसारख्या का बसता?”

कुरामोची बाईंनी दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेतलं. आईंना नाही, मला. म्हणाल्या, “इवाशिता बाई, वडीलधाऱ्यांना सांभाळणं हे आणणाऱ्याचं काम असतं.” आवाज एवढा गोड की मला हुडहुडी भरली. शिक्षा म्हणून मला दुसऱ्या ओळीतून शेवटच्या ओळीत पाठवलं. ठीक आहे, चूक झाली, शिक्षा झाली, माझं काही म्हणणं नाही. पण आईंची जागा? ती कायम राहिली! कारण शिओ-साननी दार लावता लावता म्हटलं होतं, “आजींना उभंच राहू द्या हं.” आता शिओ-सानचा शब्द कोण मोडणार? तेव्हापासून रोजचा क्रम असा : ओळ बसते, आई उभ्या राहतात, शिओ-सान येतात, थांबतात, विचारतात, “आजी, आज गुडघे कसे आहेत?” आणि आई सांगतात. एके दिवशी डावा, एके दिवशी उजवा, पावसाचे दिवस असले की दोन्ही. मग आपलं ‘जाऊन या’ होतं. ते आता शिळ्या भातासारखं वाटतं, सगळ्यांचं लक्ष आईंकडे असतं.

नुसतं गुडघ्यांवर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण आईंनी आमचं सगळं घर त्या दाराशी नेऊन मांडलं. हे घोरतात ते सांगितलं. भाऊजींच्या कोलेस्टेरॉलचंही सांगितलं (हे भाऊजींना कळू देऊ नका). परवा शिओ-साननी विचारलं, घरी कोण कोण असतं? तर म्हणाल्या, “मुलगा आहे, सून आहे. सुनेला नाटकाचं फार वेड.” शिओ-सान म्हणाल्या, “मग एकदा त्यांनाही घेऊन या ना!” वन्सं! मी तिथेच होते. शेवटच्या ओळीत, उकिडवी, काहीच न दिसणारा चेहरा करून. हात वर करावा तर नियम मोडतो, न करावा तर जीव जातो. आईंनी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, “बघते, तिला वेळ असला तर.”

आणि कळस म्हणजे पट्टी. जानेवारीत बर्फ भुरभुरला त्या दिवशी शिओ-साननी बॅगेतून लोकरीची गुडघ्याची पट्टी काढून आईंना दिली. नाचताना त्या स्वतः वापरतात त्यातली. स्वतः वापरतात, वन्सं. मंडळातल्या बायका त्या दिवशी आईंकडे अशा बघत होत्या की मला त्यांच्या जिवाची काळजी वाटली, आणि मग लक्षात आलं की सगळ्यांत वाईट मीच बघते आहे. आई ती पट्टी डाव्या पायाला घालून आमच्या स्वयंपाकघरात फिरतात. त्यावर सूप सांडतात. मी ती हातानं वेगळी धुते (खरं सांगायचं तर पहिले काही दिवस धुतलीच नाही, आई झोपल्यावर नुसती हातात धरून बसायची). एकदा मी घालून पाहिली. आईंना कळलं. म्हणाल्या, “दुखतो का गं तुझाही?” मी म्हटलं, “नाही.” त्यांनी हात पुढे केला. द्यावी लागली.

शेवटी परवा मी मुळा किसता किसता फुटलेच. म्हटलं, आई, तिथे बोलायचं नसतं. तिथे कुणी बोलत नाही. माझं अकरा वर्षांचं नाव तुम्ही मातीत घातलंत. त्या आपल्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, “ती विचारते. मी सांगते. विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, असं कुठल्या घरात शिकवतात?” मी म्हटलं, त्यालाच अदब म्हणतात. तर म्हणाल्या, “तू इतकी वर्षं बसतेयस. तिला तुझं तोंड तरी ठाऊक आहे का?”

हे पेपराआडून ऐकत होते. म्हणाले, “मुळा पुरे.” मी वाडगाभर जास्त किसला होता.

आता तुम्हाला कळेल की मी का घाईला आले आहे. शिओ-सान मे महिन्यात रंगभूमी सोडणार. जाहीर झालं आहे. मी त्या दिवशी जेवले नाही. शेवटच्या प्रयोगानंतर कलावंत हिरव्या हाकामात, म्हणजे चुण्यांच्या घेरदार पारंपरिक पोशाखात, हातात फुलं घेऊन त्या दारातून बाहेर येतात आणि मंडळाच्या पांढऱ्या कपड्यांतल्या, दोन्ही बाजूंना बसलेल्या ओळींच्या मधून चालत निघून जातात. त्यानंतर त्या दाराशी त्या पुन्हा कधीही येणार नाहीत. त्या दिवशी पुढच्या ओळीत बसायला मिळावं एवढंच माझं मागणं आहे. अकरा वर्षांच्या हिशेबानं ते माझं होतंच. पण मी शेवटच्या ओळीत, आणि आईंना म्हणे शिओ-साननी स्वतः सांगून ओळीच्या अगदी तोंडाशी जागा दिली आहे, ‘आजींचा निरोप घेतल्याशिवाय मी जाणार नाही’ म्हणून. मला तुम्ही काहीही म्हणा, सासूशी बरोबरी करणारी म्हणा, पण मला ते बघवणार नाही. त्या हिरव्या हाकामातून आईंच्या गुडघ्यांची चौकशी करतील आणि मी मागून बुटांच्या टाचा बघत बसेन. म्हणून वन्सं, मार्चमध्ये या, आईंना घेऊन जा. गुडघे बरे करा. दोन्ही करा. आणि मे संपेपर्यंत त्यांना पाठवू नका. आई गेल्या की कुरामोची बाईंच्या मनातलं किल्मिष जाईल आणि मला माझी जागा परत मिळेल.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. थंडीत कानाला वारा लागू देऊ नका. इथलं कुणी काही विचारलं तर, मासायो सुखात आहे, एवढंच सांगा.

तुमची,
मासायो

ता. क. – वरचं पत्र रागात लिहिलं आणि पोस्टात टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. काल कुरामोची बाई घरी आल्या होत्या, केक घेऊन. (त्या कुणाच्या घरी जात नाहीत. मी यांना मागच्या खोलीत पाठवलं.) त्या म्हणाल्या, त्या दिवशी गर्दी फार, आजींना एकट्यानं उभं ठेवणं बरोबर नाही. कोपर धरायला शेजारी कुणीतरी हवं, आणि ते घरचंच माणूस हवं. मी विचारलं, म्हणजे त्या माणसानं बसायचं की उभं राहायचं? त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, “बसून कोपर कसं धरणार, इवाशिता बाई?”

म्हणजे अगदी ओळीच्या तोंडाशी. उभी. चेहऱ्यासमोर चेहरा.

तेव्हा वन्सं, मार्चमधली डॉक्टरांची वेळ कृपा करून रद्द करा. शस्त्रक्रिया म्हणजे काही खेळ नाही. आईंचं वय झालं आहे, वसंतातली हवा जखमेला चांगली नसते असं मी कुठेतरी वाचलं आहे. जूनमध्ये बघू. गुडघे इतके दिवस दुखले, आणखी थोडे दिवस दुखतील. मी त्यांची नीट काळजी घेते आहे, रोज दोन वेळा विचारते की बरं वाटत नाही ना? आणि वर आईंबद्दल जे लिहिलं आहे ते वाचू नका. वाचलंच असेल तर विसरा.

ता. क. २ – पाकीट बंद करणार तेवढ्यात पाहिलं ते लिहिल्यावाचून राहवत नाही. मी बाजारातून लवकर परतले, तर आई स्वयंपाकघरात खालच्या कपाटातल्या लोणच्याच्या बरणीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. भिंतीला हात नाही, काही नाही. टाचा जमिनीला टेकलेल्या. आमच्या पुढच्या ओळीतल्या बायकांनाही इतकं छान बसता येत नाही. मला बघून त्या ‘आई गं’ म्हणाल्या, पण उशिरा.

मी म्हटलं, आई! हे कधीपासून?

त्या तशाच बसून राहिल्या, आता उठून काय उपयोग. म्हणाल्या, “पहिल्या दिवशी खरंच दुखत होते. नववर्षाच्या आसपास थांबले.” मग इतके दिवस त्या पोरीला रोज काय सांगत होतात? तर बरणीचं झाकण लावता लावता म्हणाल्या, “ती विचारते ना. बरे आहेत म्हटलं तर उद्या काय विचारेल? इथे दुसरं कोण विचारतं मला? तू सूप कसं झालंय विचारतेस. हा काहीच विचारत नाही. योशिए फोनवर आपल्या नवऱ्याचं कोलेस्टेरॉल सांगते.” (हे तुमच्याबद्दल आहे, वन्सं. मी फक्त लिहून कळवते आहे.) मी म्हटलं, मी विचारते की रोज दोन वेळा! तर म्हणाल्या, “तू मे महिन्याचं विचारतेस. गुडघ्यांचं नाही.”

तेव्हा डॉक्टर नकोच. मार्चमध्ये नको आणि जूनमध्येही नको. एक्स-रे काढला की सगळं बाहेर पडेल, आणि कुरामोची बाईंचे एक भाचे कुमामोतोच्या इस्पितळात नोकरीला आहेत. मे महिन्यात आई उभ्या राहतील, मी कोपर धरेन, आम्ही दोघींनी तसं ठरवलं आहे. तुम्हाला यायचं तर या, मागच्या ओळीत जागा होईल.

आज सकाळी मी मनापासून विचारलं. चहा पुढे ठेवला, शेजारी बसले, शिओ-सानसारखा आवाज खाली आणला, आणि म्हटलं, “आई, आज गुडघे कसे आहेत?” त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. पेला दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, “ठीक विचारलंस. पण तिच्यासारखं नाही जमत तुला.”